टेंडर गेल्यानंतरच्या बैठका: सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

सोलापुरात टॉवेलची एखादी मोठी ऑर्डर हातची गेली की कारण आधीच ठरलेलं असतं: "रेटवर गेली." अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बहुतेक कारखान्यांत हेच उत्तर ऐकायला मिळतं, आणि ते खरं आहे का हे सहसा कुणी तपासलेलं नसतं. गिऱ्हाइकाला विचारायचा संकोच वाटतो, आपल्या माणसांना विचारायला वेळ नसतो, तोवर पुढच्या टेंडरची तारीख जवळ येते. मग रेट आणखी दोन रुपयांनी खाली. अशा दोन-दोन रुपयांनी नफा कसा झिजतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाने सोसलेलं आहे.

खाली दिलेलं प्रकरण अशाच एका कारखान्याचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माझं काम टेंडरनंतरच्या बैठका घडवून आणायचं आणि त्यांची नोंद ठेवायचं होतं.

कारखाना आणि टेंडर

कारखाना मध्यम आकाराचा. काही रॅपियर (बिनधोट्याचे) माग, काही जुने यंत्रमाग, शिलाई आवारातच. ब्लीचिंग आणि फिनिशिंग मात्र बाहेरच्या प्रोसेस हाऊसमध्ये जॉबवर्कने. सोलापुरी चादरीप्रमाणे सोलापूरच्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाने ऑर्डर दारात येत नाही. या कारखान्याचा बहुतेक माल व्यापाऱ्यांमार्फत जायचा. मधली दलाली वाचवायची तर हॉटेलांना थेट माल द्यायला हवा, असं मालकांच्या, म्हणजे शेठच्या, धाकट्या मुलाने (धाकट्या मालकांनी) मनावर घेतलं होतं.

संधी पुण्यातून आली. एक नवं हॉटेल सुरू होणार होतं आणि उद्घाटनाआधी सगळ्या खोल्यांचे पांढरे टॉवेल हवे होते: अंघोळीचे, हातपुसणी, तोंडपुसणी आणि बाथमॅट. अंघोळीच्या टॉवेलचं माप 75 बाय 150 सेंटिमीटर आणि 500 जीएसएम (चौरस मीटरला 500 ग्रॅम), म्हणजे एका नगाचं वजन साधारण 562 ग्रॅम. हॉटेलने लेखी कोटेशन, नमुने आणि एक प्रश्नावली मागवली होती.

हॉटेलच्या टॉवेलचं गणित घरगुती टॉवेलपेक्षा वेगळं असतं, ते इथे सांगायला हवं. एका खोलीला दोन टॉवेल लागतात म्हणून खोल्यांच्या दुप्पट माल घेऊन भागत नाही. एक जोड खोलीत, एक लॉन्ड्रीत, एक स्टोअरमध्ये, असे किमान तीन जोड फिरते ठेवावे लागतात. या जोडाला हॉटेलवाले 'पार' म्हणतात. वर, रोजच्या गरम धुलाईने टॉवेल झिजतो, पिवळा पडतो, हरवतो. म्हणून पहिली ऑर्डर ही खरं तर अनेक वर्षांच्या भरपाई ऑर्डरींची सुरुवात असते. गिऱ्हाईक टॉवेल विकत घेतं तेव्हा पुढे तसाच टॉवेल मिळत राहील, हा भरवसाही विकत घेत असतं. हॉटेलच्या प्रश्नावलीत या अर्थाचे प्रश्न होते. कारखान्याने मात्र ती रेटच्या तक्त्याची पुरवणी समजून भरली.

पहिली बैठक: निकालाच्या आधी

नमुने पाठवल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांनी बसावं, असं मी सुचवलं. शेठ म्हणाले, "निकाल लागू दे की, मग बसू." बहुतेक जण असंच म्हणतात. पण निकाल कळला की आठवण बदलते. बरूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये प्रयोग करून दाखवलं की शेवट कळल्यावर माणसाला तो आधीपासूनच दिसत होता असं वाटू लागतं. हरलो तर सगळे म्हणणार "मला वाटलंच होतं", आणि जिंकलो तर कुणी बसणारच नाही. म्हणून निकालाआधीची आठवण कागदावर उतरलेली हवी.

बैठकीला शेठ, धाकटे मालक, अकाउंटंट, विणकाम मास्तर, डिस्पॅचचा सुपरवायझर आणि शिलाई विभागाच्या अक्का होत्या. टेंडर खरं तर फक्त धाकट्या मालकांनी आणि अकाउंटंटनी भरलं होतं. बाकीच्यांना का बोलावलं, हा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर होता. कारण एवढंच की टेंडरमध्ये लिहिलेला प्रत्येक शब्द पुढे त्याच माणसांना पाळायचा असतो.

आधी प्रत्येकाने एक कागद भरायचा होता: आपण हरलो तर कशामुळे हरू, जिंकलो तर कशामुळे जिंकू. ज्यांना लिहायचं नव्हतं त्यांचं मी ऐकून लिहून घेतलं. कागद पाकिटात घालून बंद केले. मग बोलायची पाळी. क्रम उलटा ठेवला: अक्का पहिल्या, शेठ शेवटी. घरच्या कारखान्यात मालक एकदा बोलले की विषय संपतो. ते वाईट म्हणून नव्हे, त्यांचा मान म्हणून. तो मान राखूनच त्यांना शेवटी बोलायला लावावं लागतं, आणि हे आदल्या दिवशी एकांतात त्यांच्याशी ठरवून घ्यावं. मी तसंच केलं होतं.

चौकट जुनीच वापरली. अमेरिकी लष्कराने 1970 च्या दशकात सरावानंतरच्या चर्चेसाठी जी पद्धत बसवली, तिचे चार प्रश्न: काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढे काय ठेवायचं आणि काय बदलायचं. हे प्रश्न चालतात, कारण त्यांत 'कुणाचं चुकलं' हा प्रश्न नाही.

अक्कांनी हेमची (काठाच्या दुमडीची) शिलाई चांगली उतरल्याचं सांगितलं. मास्तरांनी वेगळंच काढलं. प्रश्नावलीत डिलिव्हरीच्या रकान्यात "45 दिवस, संपूर्ण माल" असं लिहिलेलं त्यांना पहिल्यांदाच तिथे बैठकीत कळलं. "सगळा माल एकदम काढायचा तर दुसऱ्यांची बीमं (मागावर चढवलेले ताण्याचे रूळ) उतरवावी लागतील. मला कुणी विचारलं नाही." मग डिस्पॅचचा सुपरवायझर हळूच म्हणाला, "शेठ, नमुन्याची टॉवेलं एका लॉटची नव्हती. दोन लॉटची मिसळ होती."

शेठ उसळले. "मग तेव्हाच सांगायचं होतं!"

तो गप्प झाला. अशा बैठकीत सगळ्यात जपायचा क्षण हाच. इथे माणूस एकदा मिटला की पुढच्या बैठकीला तो फक्त चहा घ्यायला येतो. मी शेठना थांबवलं आणि प्रश्न फिरवून विचारला: त्या दिवशी दोन लॉटची टॉवेलं हाताशी का होती? हळूहळू उलगडलं. नमुन्याचा माल थोडा, म्हणून प्रोसेस हाऊसने तो दुसऱ्या एका मालाबरोबर धुतला. त्यातले काही नग डागी आले. कुरिअरची वेळ झाली होती, म्हणून आधीच्या लॉटचे नग घालून गठ्ठा पुरा केला. पांढऱ्यात फरक होता, पण डिस्पॅचच्या ट्यूबलाइटखाली तो दिसला नाही. पांढऱ्या मालात चमक आणणाऱ्या रसायनाचं प्रमाण आणि पाण्याचा जडपणा बदलला की एक टॉवेल निळसर पांढरा आणि दुसरा दुधी होतो. उन्हात धरला की लगेच कळतं. म्हणजे दोष गठ्ठा बांधणाऱ्याकडून सरकत सरकत कामाच्या रचनेकडे गेला. नमुना हा स्वतंत्र लॉट आहे, असं कुणी ठरवलेलंच नव्हतं.

त्याच बैठकीत अकाउंटंटना एक काम दिलं: या टेंडरला खर्च किती आला ते काढायचं. नमुन्यासाठी माग थांबवून बीम बदललं त्याचा वेळ, सूत, प्रोसेस, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, कुरिअर, धाकट्या मालकांच्या पुण्याच्या फेऱ्या. हा हिशेब कारखान्याने आजवर कधीच केला नव्हता. टेंडरचा खर्च किरकोळीत जायचा. आकडा समोर आल्यावर शेठ बराच वेळ तो कागद हातात धरून होते. माझ्या मते टीमच्या बैठकीतून दुसरं काही निघालं नाही आणि हा एक आकडा निघाला, तरी ती बैठक वसूल होते. हरलेल्या टेंडरांचा खर्च जिंकलेल्या ऑर्डरींच्या नफ्यातूनच फेडायचा असतो.

गिऱ्हाइकाशी बोलणं

निकाल आला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. ई-मेल दोन ओळींचा, कारण दिलेलं नाही.

खासगी गिऱ्हाइकावर कारण सांगायचं बंधन नसतं. म्हणून विनंती कशी करायची यावर सगळं अवलंबून असतं. आम्ही पाठवलेल्या पत्रात आधी निर्णय मान्य असल्याचं लिहिलं, मग अर्धा तास मागितला, आणि हे स्पष्ट केलं की रेट कमी करायचा प्रस्ताव आम्ही मांडणार नाही. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. खरेदी अधिकाऱ्याला भीती असते ती याचीच, की 'फीडबॅक'च्या नावाखाली पुन्हा घासाघीस सुरू होईल. ती भीती गेली की माणूस मोकळा बोलतो.

खरेदी व्यवस्थापकांनी फोनवरच उत्तर देऊन टाकलं: "काही नाही हो, रेट थोडा जास्त होता." हे उत्तर मी खूपदा ऐकलं आहे. रेट हे सगळ्यात कमी दुखावणारं कारण आहे. मालात खोट काढली तर वाद होतो, माणसांत काढली तर मन दुखतं. रेटवर कुणी रुसत नाही. म्हणून पहिलं उत्तर ऐकून घ्यावं, आभार मानावेत आणि तरीही अर्धा तास मागावा. सोबत आणखी एक मागणी केली: टॉवेल प्रत्यक्ष हाताळणाऱ्या हाउसकीपिंगच्या प्रमुखांनाही बोलवावं. कागदावर सही खरेदी विभागाची असते, पण नमुना धुऊन बघणारा हात त्यांचा.

व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे, नोंद धाकट्या मालकांकडे, आणि शेठ ऐकायला. बचाव करायचा नाही, हे ठरलेलं. पहिला प्रश्न सोपा ठेवला: आमच्या नमुन्यात काय आवडलं? पाणी शोषणं उत्तम, हेम मजबूत, धुलाईनंतर माप फारसं आटलं नाही. हे विचारणं म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे. पुढच्या वेळी काय बदलायचं नाही, हेही माहीत हवं. दुखऱ्या जागा शोधताना चांगली गोष्टच बिघडवून ठेवणारे कारखाने मी पाहिले आहेत.

मग मुख्य प्रश्न: "आमचा रेट निवडलेल्या पुरवठादाराइतकाच असता, तर ऑर्डर आम्हाला दिली असती का?"

खरेदी व्यवस्थापक थोडं थांबले आणि म्हणाले, "नाही." मग त्यांनीच सांगितलं की निवडलेला पुरवठादारही सगळ्यात स्वस्त नव्हता.

त्याच वेळी शेठनी माझ्यासमोर एक चिठ्ठी सरकवली: "8 रुपये कमी करू का?" मी नकारार्थी मान हलवली. रेट हे कारण नाही असं गिऱ्हाईक नुकतंच सांगत होतं, आणि तरीही हात रेटकडेच गेला. सवय इतकी खोल आहे.

हाउसकीपिंगच्या बाई नेमकं बोलल्या. नमुन्यातले टॉवेल एकाच पांढऱ्या रंगाचे नव्हते. "एका खोलीत दोन रंगांचे टॉवेल ठेवले तर पाहुण्याला एक जुना वाटतो." दुसरं, सगळा माल एकदम येणार होता, त्यांच्या स्टोअरमध्ये एवढी जागाच नव्हती. त्यांना उद्घाटनाआधी दोन पार आणि तिसरा नंतर हवा होता. प्रश्नावलीत ते विचारलेलं होतं. तिसरं सगळ्यात जिव्हारी लागणारं: "दीड वर्षाने हाच टॉवेल, हाच पांढरा मिळेल का, असं आम्ही फोनवर विचारलं. तुमच्याकडून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी उत्तरं दिली."

दुसऱ्यांचे रेट किंवा नमुने यांबद्दल आम्ही एक शब्दही विचारला नाही. विचारूही नये. एकदा तसं विचारलं की गिऱ्हाइकाला कळतं, आपली माहितीही हे उद्या दुसरीकडे विचारतील.

पाकिटं उघडली

दुसऱ्या दिवशी तीच मंडळी पुन्हा बसली आणि पाकिटं उघडली. शेठ, धाकटे मालक आणि अकाउंटंट, तिघांच्याही कागदावर हरण्याचं कारण एकच: रेट. मास्तरांच्या कागदावर डिलिव्हरी. सुपरवायझरच्या कागदावर "नमुना मिक्स". गिऱ्हाइकाने सांगितलेल्या तीन कारणांपैकी दोन कारखान्यातच माहीत होती, निकालाच्या कितीतरी आधी. ती माहिती फक्त टेंडर भरणाऱ्या टेबलापर्यंत पोहोचली नव्हती.

शेठ सुपरवायझरकडे वळून म्हणाले, "तुझं बरोबर होतं रे." सगळ्यांसमोर म्हणाले. कारखान्यात याचा परिणाम कुठल्याही नियमावलीपेक्षा जास्त झाला, असं मी खात्रीने सांगतो. पुढच्या टेंडरला लोक आपणहून येऊन बोलू लागले.

तिसरं कारण, वेगवेगळ्या माणसांची वेगवेगळी उत्तरं, कुणाच्याच कागदावर नव्हतं. ते आतून दिसणारं नव्हतंच. गिऱ्हाइकाचा फोन कधी ऑफिसात, कधी शेठच्या मोबाईलवर, कधी मास्तरांकडे जायचा, आणि प्रत्येक जण आपल्या परीने खरंच बोलत होता. दोन्ही बैठका का लागतात, ते इथे कळतं. टीमला गिऱ्हाइकाच्या बाजूने ऐकू येत नाही, आणि गिऱ्हाइकाला कारखान्यातली कारणं दिसत नाहीत. दोन पांढऱ्यांची मिसळ गिऱ्हाइकाने पाहिली. ती कशी झाली ते फक्त सुपरवायझर सांगू शकला.

सरकारी टेंडरचा रस्ता वेगळा

हाच कारखाना केंद्राच्या सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर आणि राज्याच्या महाटेंडर्सवरही बोली लावतो. तिथे अर्ध्या तासाचा कॉल मिळत नाही. तिथे कागदच वाचावा लागतो, पण तो मिळतो, हे अनेकांना माहीत नसतं. पोर्टलवर तांत्रिक छाननीचा निकाल आणि आर्थिक बोलींचा तुलनात्मक तक्ता बोली लावणाऱ्याला दिसतो. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतला नियम 173 सांगतो की बोली नाकारण्याचं कारण बोलीदाराने विचारलं तर ते सांगितलं गेलं पाहिजे. केंद्राची कार्यालयं या नियमांनी बांधलेली आहेत. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहेच. अर्जाला साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, मात्र दुसऱ्याच्या व्यापारी गुपिताचा भाग रोखला जाऊ शकतो. जागतिक बँकेच्या पैशातल्या कामांत तर खुलासा मागायला 3 कामकाजाचे दिवस आणि तो द्यायला 5, असं वेळापत्रकच ठरलेलं आहे. मुदत चुकवू नये.

रेट कमी करायची चिठ्ठी तर सरकारी कामात पूर्ण निरुपयोगी. केंद्रीय दक्षता आयोगाच्या धोरणानुसार टेंडरनंतरच्या वाटाघाटी टाळायच्या, आणि अपवाद म्हणून झाल्याच तर फक्त सर्वात कमी बोलीवाल्याशी. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मात्र केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणात एक वाट आहे: सर्वात कमी बोली सूक्ष्म किंवा लघु नसलेल्या उद्योगाची असेल आणि आपला रेट तिच्यापेक्षा 15 टक्क्यांच्या आत असेल, तर तो रेट जुळवून ऑर्डरचा काही भाग मागता येतो. म्हणून सरकारी टेंडर गेल्यावर अकाउंटंटने पहिलं काम करावं ते तक्ता उतरवून आपण त्या पट्ट्यात आहोत का, ते बघायचं.

पुढे काय बदललं

नमुना आता स्वतंत्र लॉट असतो. त्याला नंबर असतो, त्यातला एक नग सीलबंद करून कारखान्यात ठेवला जातो आणि दुसरा उन्हात धरून मास्तर सही करतात. डिलिव्हरीचा रकाना मास्तरांच्या सहीशिवाय भरला जात नाही. गिऱ्हाइकाला एकच नंबर दिला जातो, धाकट्या मालकांचा. आणि टेंडर भरायचं की नाही, हे भरण्याआधी खर्चाच्या कागदावर ठरतं. त्या कागदामुळे एक चांगलं दिसणारं टेंडर सोडून दिलं, कारण त्यात बाथरोब शिवायचे होते आणि अक्का स्पष्ट म्हणाल्या, "आपल्याकडं ते होणार नाही."

पुढचं टेंडर भरलं, आणि तेही गेलं. याही गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारला: रेट सारखा असता तर? उत्तर आलं, "हो, नक्की दिली असती." या वेळी रेट हे खरं कारण होतं. शेठनी तो रेट आपल्याला परवडत नाही, असं सगळ्यांना मोकळेपणाने सांगितलं, आणि चर्चा सुताच्या खरेदीवर गेली. ती अजून चालू आहे.

पुण्याच्या हॉटेलने दरम्यान हातपुसण्यांच्या भरपाईसाठी कोटेशन मागवलं. कॉलवर बोललेल्या हाउसकीपिंगच्या बाईंनीच कारखान्याचं नाव सुचवलं, असं खरेदी व्यवस्थापकांकडून कळलं. नमुन्याचा लॉट सध्या प्रोसेसला आहे. अडचण एकच उरली आहे: प्रत्येक लॉटला वापरलेल्या रसायनाची नोंद द्यायला प्रोसेस हाऊसचे मालक तयार नाहीत. एवढ्या छोट्या मालासाठी इतकी लिखापढी कोण करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मास्तरांनी सुचवलं आहे की पुढची बैठक त्यांच्याच आवारात घ्यावी आणि त्यांच्या मिक्सिंगच्या माणसालाही बसवावं. शेठनी होकार दिला आहे. तारीख प्रोसेसवाल्यांच्या सोयीने ठरायची आहे.